घराची भेग आणि कायद्याची मुदत

(विधी स्वयंसेवक आणि गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सर्वसामान्य कुटुंब आयुष्यात बहुधा एकदाच घर घेते. त्यासाठी पंधरा-वीस वर्षांचे कर्ज काढते, दागिने मोडते, गावाकडची जमीन विकते. अशा घराच्या छतातून दुसऱ्याच पावसाळ्यात पाणी ठिबकू लागले, तर ते कुटुंब काय करते? प्रथम विकासकाच्या कार्यालयात खेटे घालते. पावसाळा संपला की पाहू, असे तेथे सांगितले जाते. पावसाळा संपतो, ओल सुकते आणि तक्रारही सुकते. पुढच्या वर्षी भेग रुंदावते. मग ओळखीचा गवंडी आणून ती बुजवली जाते, वर रंगाचा हात दिला जातो. हे कुटुंब वकिलाकडे येते ते सातव्या-आठव्या वर्षी, स्लॅबचा पोपडा खाली येऊन आतली गंजलेली सळई दिसू लागल्यावर. तोवर कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत उलटलेली असते आणि पुरावा रंगाखाली गेलेला असतो.

बांधकामातील दोषांबाबतचे आपले कायदे आज दुबळे राहिलेले नाहीत. उणीव आहे ती योग्य वेळी योग्य सल्ला मिळण्याची. कायदेविषयक साहाय्य म्हणजे खटला चालविण्यासाठी वकील देणे, अशी आपली समजूत आहे. घराच्या बाबतीत मात्र साहाय्याची खरी वेळ खटल्याच्या कितीतरी आधी, भेग प्रथम दिसते त्या आठवड्यात असते. आजचे माझे सारे प्रतिपादन या एका मुद्द्याभोवती आहे.

घर ही ‘सेवा’ कशी झाली

ग्राहक संरक्षण अधिनियम १९८६ साली झाला, तेव्हा त्यातील सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा उल्लेख नव्हता. सदोष शिलाई यंत्राबद्दल दाद मागता येत असे. सदोष घराबद्दल मात्र दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि त्या पायरीवर वर्षानुवर्षे बसावे लागे. १९९३ साली दुरुस्ती होऊन घरबांधणीचा व्याख्येत समावेश झाला. त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, की दुसऱ्यासाठी घर बांधून देणे ही सेवा आहे, आणि निकृष्ट बांधकाम वा ताबा देण्यातील दिरंगाई ही त्या सेवेतील त्रुटी आहे. या निकालाचा आणखी एक भाग फारसा सांगितला जात नाही. बांधणारी संस्था सरकारी असली तरी ती उत्तरदायी आहे, आणि नागरिकाला झालेल्या छळाची भरपाई जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करावी, असेही न्यायालयाने म्हटले होते.

पुढे ही कक्षा रुंदावत गेली. स्वतःची जमीन विकासकाला देऊन बदल्यात मजले घेणारा जमीनमालकही ग्राहक ठरू शकतो, हे २००८ साली फकीरचंद गुलाटी प्रकरणात स्पष्ट झाले. रस्ते, गटारे, पाणी यांसह विकसित भूखंड देण्याचे आश्वासन हीदेखील सेवाच, हे २०१२ साली नार्ने कन्स्ट्रक्शन प्रकरणात ठरले. आता १९८६ च्या अधिनियमाची जागा २०१९ च्या अधिनियमाने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून अमलात आहे. ग्राहकाला आपण राहतो वा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, ही त्यातील मोठी सोय आहे. नोकरीनिमित्त इंदूरला राहणाऱ्या आणि पुण्यात सदनिका घेतलेल्या माणसाला याचे मोल विचारावे.

दरम्यान स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ आला. आपण त्याला ‘रेरा’ म्हणून ओळखतो. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. नोंदणी, सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन, ताब्यातील विलंब यांची चर्चा पुष्कळ होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते कलम १४ चे तिसरे उपकलम. ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत घरमालकाने संरचनेतील दोष, किंवा कारागिरी, दर्जा व सेवांचा पुरवठा यांतील दोष प्रवर्तकाच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तीस दिवसांत, कोणताही आकार न घेता तो दूर केला पाहिजे. न केल्यास घरमालक नुकसानभरपाईस पात्र ठरतो. महाराष्ट्रातील १९६३ च्या मालकी सदनिका अधिनियमात हीच मुदत तीन वर्षांची आहे.

या तरतुदीतील दोन गोष्टी नीट वाचाव्यात. पहिली अशी, की दोष केवळ खांब-तुळयांचा असावा असे नाही. उलट्या उताराची गच्ची, चुकीच्या जागी जोडलेली मलवाहिनी, वर्षभरात उखडलेल्या फरशा हेही त्यात येते. दुसरी अशी, की पाच वर्षांत ‘निदर्शनास आणून देणे’ आवश्यक आहे. तोंडी सांगणे म्हणजे निदर्शनास आणणे नव्हे, असे कायदा म्हणत नाही. पण तोंडी सांगितलेले सिद्ध कसे करणार? पोचपावतीशिवाय केलेल्या दहा फेऱ्यांपेक्षा एक स्पीड पोस्टाने पाठविलेले पत्र आणि एक ईमेल अधिक उपयोगी पडतो.

ताबा घेतेवेळी पुष्कळ ठिकाणी एका छापील कागदावर सही घेतली जाते: काम पाहिले, समाधान झाले, यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही. अशा कागदामुळे हक्क संपला, असे मानून लोक घरी बसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पायोनियर अर्बन प्रकरणात एकतर्फी अटी या अनुचित व्यापारी प्रथा ठरविल्या. २०२० साली बेंगळुरूच्या सदनिकाधारकांच्या प्रकरणात, ताबा घेतला वा खरेदीखत झाले म्हणून भरपाईचा हक्क बुडत नाही, असे सांगितले. लवादाच्या कलमाचाही असाच बाऊ केला जातो. ते कलम करारात असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे २०१८ सालीच निश्चित झाले आहे.

भेग वाचायला शिकणे

येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण कायद्याच्या वर्गात हा भाग सहसा शिकविला जात नाही.

प्रत्येक भेग म्हणजे दोष नव्हे. गिलावा सुकताना केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या जाळीसारख्या पसरतात आणि तेवढ्यावर थांबतात. वीटकाम व काँक्रीटचा खांब यांच्या सांध्यावर उभी भेग पडते, तीही बहुधा संरचनेला धोका पोचवीत नाही. मात्र तुळईवर आधाराजवळ तिरकी गेलेली भेग, किंवा स्लॅबच्या तळाशी सळईच्या रेषेत सरळ धावणारी व तांबूस डाग दाखविणारी भेग ही वेगळी गोष्ट आहे. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. तो फुगला की भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर येतो. सळईवरील काँक्रीटचे आवरण कमी ठेवले, काँक्रीट पोकळ राहिले किंवा मिश्रणात क्षार आले, की ही प्रक्रिया लवकर सुरू होते. भारतीय मानक ४५६ नुसार सळईच्या काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण घनमीटरला ०.६ किलोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. खारे पाणी वा न धुतलेली खाडीची वाळू वापरली की ही मर्यादा ओलांडली जाते, आणि हे डोळ्यांना दिसत नाही.

गुरुग्राममध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये चिंटेल्स पॅराडिसो या वसाहतीतील एका मनोऱ्यात वरच्या मजल्यापासून खालपर्यंत एकाखाली एक छते कोसळून दोघींचा बळी गेला. इमारत जुनी नव्हती. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या तपासणीत काँक्रीटमधील क्लोराइड व त्यामुळे गंजलेल्या सळया हे कारण पुढे आले. दिल्लीच्या मुखर्जीनगरमधील सिग्नेचर व्ह्यू वसाहत तर दिल्ली विकास प्राधिकरणाने बांधलेली. तेथील ३३६ सदनिका अवघ्या दहा-बारा वर्षांत राहण्यास असुरक्षित ठरल्या. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या रिकाम्या करून पाडण्याचा मार्ग मोकळा केला आणि रहिवाशांना पर्यायी निवासासाठी भाडे देण्यास सांगितले. कोचीत लष्करी अधिकाऱ्यांसाठी बांधलेल्या चंदर कुंज संकुलातील दोन मनोरे पाडून पुन्हा बांधावेत, असा आदेश केरळ उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला.

या प्रकरणांमागचे रहिवासी संघटित होते, लिहिते-वाचते होते, आणि त्यांच्या हाती नामवंत तांत्रिक संस्थांचे अहवाल होते. न्यायालयात बोलला तो अहवाल. ज्यांच्याकडे असा अहवाल नसतो त्यांचे काय होते, याची बातमी होत नाही.

म्हणून पुरावा कसा जमवावा, हे प्रत्येक विधी स्वयंसेवकाला ठाऊक असले पाहिजे. भेगेचे छायाचित्र शेजारी मोजपट्टी धरून, तारखेसह, दर महिन्याला त्याच जागेवरून घ्यावे. जुने अभियंते भेगेवर काचेची अरुंद पट्टी चिकटवून ठेवीत. काच तडकली की भेग अजून हलते आहे, हे कळे. फुटकळ खर्चाचा हा उपाय आजही उपयोगी आहे. त्यानंतर पात्र संरचना अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी. रिबाउंड हॅमर आणि ध्वनिलहरींची चाचणी यांतून काँक्रीटच्या दर्जाचा अंदाज येतो. काँक्रीटचा गाभा कापून प्रयोगशाळेत दाबला की त्याची ताकद कळते. क्षाराचे प्रमाण रासायनिक तपासणीतून मिळते. पाहणीची तारीख विकासकाला लेखी कळवून हजर राहण्याची संधी द्यावी. तो आला नाही तरी कळविल्याचा पुरावा राहतो, आणि अहवाल एकतर्फी असल्याचा आक्षेप पुढे टिकत नाही.

आणि दुरुस्ती? जिवाला धोका असेल तर थांबण्याचा प्रश्नच नाही. त्याच दिवशी टेकू द्यावेत, खोली रिकामी करावी. पण फोडलेला भाग बुजविण्यापूर्वी चाचण्या, छायाचित्रे आणि दोन त्रयस्थांच्या सह्यांचा पंचनामा झाला पाहिजे. दुरुस्तीची देयके जपून ठेवावीत. विकासकाचा बचाव ठरलेला असतो: रहिवाशांनी देखभाल केली नाही, संडासाची फरशी बदलताना जलरोधक थर फोडला, आतली भिंत पाडली. यातले काही कधीकधी खरेही असते, हे आपण मान्य केले पाहिजे. ज्या संस्थेने गच्चीची सफाई, टाकीची दुरुस्ती, सभासदांनी केलेले अंतर्गत फेरफार यांची नोंद ठेवली आहे, तिला या बचावाचे उत्तर देता येते. दप्तर नीट ठेवणे हे सचिवाचे कंटाळवाणे काम असते खरे. दाव्यात तेच उपयोगी पडते.

कोणत्या दारी जावे

नोंदणीकृत प्रकल्प असेल तर रेरा प्राधिकरण, तसेच ग्राहक आयोग, असे दोन्ही मार्ग खुले आहेत. इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हे उपाय एकमेकांना मारक नाहीत असे म्हटले. तरी एकाच मागणीसाठी दोन्हीकडे धावू नये. निवड करावी लागते. रेरा कायद्यात रहिवाशांच्या संघालाही तक्रार करता येते, त्यामुळे संपूर्ण इमारतीच्या दोषासाठी तो मार्ग मला अधिक योग्य वाटतो. मात्र नुकसानभरपाईची मागणी न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे करावी लागते, ही विभागणी न्यूटेक प्रकरणात २०२१ साली स्पष्ट झाली आहे. अर्जाचा नमुना चुकला म्हणून वर्ष वाया गेलेली माणसे आहेत.

रेराची नोंदणी पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला बंधनकारक नाही. लहान शहरांत तर बहुतांश बांधकाम याच आकाराचे. अशा वेळी ग्राहक आयोग हाच आधार. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग, अशी २०२१ च्या नियमांनुसार विभागणी आहे. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांत करावी लागते. विलंबाचे सबळ कारण दिल्यास आयोग तो माफ करू शकतो. वकील नेमलाच पाहिजे असे नाही. रेरा कायद्यानेही स्वतः बाजू मांडण्याची मुभा दिली आहे.

तिसरे दार फारच थोड्यांना माहीत आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खालील कायमस्वरूपी लोकअदालतीत लोकोपयोगी सेवांबाबतचे वाद नेता येतात आणि केंद्र सरकारने गृहनिर्माण व स्थावर संपदा सेवेचा त्यात समावेश केला आहे. एक कोटी रुपयांपर्यंतचे वाद तेथे चालतात. न्यायालयीन शुल्क नाही. नेहमीच्या लोकअदालतीत तडजोड झाली नाही तर प्रकरण परत जाते. येथे तडजोड फसली तरी लोकअदालत गुणवत्तेवर निर्णय देऊ शकते आणि तो बंधनकारक असतो. अट एवढीच, की वाद त्यापूर्वी कोणत्याही न्यायालयात नेलेला नसावा.

मोफत साहाय्य कोणाला

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-क ने राज्यावर मोफत विधी साहाय्याची जबाबदारी टाकली आहे. १९८७ च्या अधिनियमातील कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, महिला, बालके, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्या व्यक्ती त्यास पात्र आहेत. यात महिलांना उत्पन्नाची अट नाही. याचा घराशी असलेला संबंध आपण अजून पुरता ओळखलेला नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत घर कुटुंबातील महिलेच्या नावे किंवा संयुक्त नावावर असण्यावर भर आहे. मुद्रांक शुल्कातील सवलतीमुळे अनेक राज्यांत घरे पत्नीच्या नावे नोंदविली जातात. म्हणजे ज्या घराच्या मालकिणीचे नाव करारात आहे, त्या घराच्या वादात तिला मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज पुरतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीही करता येतो.

परंतु मघाशी सांगितलेल्या चाचण्यांचे काय? वकील मोफत मिळाला तरी काँक्रीटचा गाभा मोफत कापून मिळत नाही. ठेकेदाराने बांधून दिलेल्या दोन खोल्यांच्या घरातील बाईला हा खर्च परवडणार नाही, आणि अहवालाशिवाय तिच्या वकिलाकडे बोलायला काही उरणार नाही. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांच्या स्थापत्य विभागांत या चाचण्यांची साधने बहुधा असतातच. सार्वजनिक कामांचे त्रयस्थ परीक्षणही त्यांपैकी अनेक संस्था करतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी त्यांच्याशी करार करून पात्र अर्जदारांची तपासणी नाममात्र दरात करून घ्यावी, त्याचा खर्च विधी साहाय्याचाच भाग मानावा आणि वकिलांच्या नामिकेबरोबर अभियंत्यांची नामिकाही ठेवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. यासाठी नवा कायदा नको. सध्याच्या चौकटीत हे बसते.

निकालानंतरचा टप्पाही मोजावा लागतो. रेराच्या आदेशाची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते, म्हणजे आदेशानंतर अर्जदाराला महसूल कार्यालयाचा पाठपुरावा करावा लागतो. ग्राहक आयोगांच्या जुन्या अधिनियमात तर २००२ च्या दुरुस्तीतील शब्दरचनेमुळे, अंतिम आदेशाची अंमलबजावणी कशी करावी हाच वाद झाला होता. पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ती त्रुटी दूर करून २००३ ते २०२० या काळातील आदेशही अंमलबजावणीस पात्र ठरविले. ज्यांचे जुने आदेश कपाटात पडून आहेत, त्यांनी ते बाहेर काढून वकिलाला दाखवावेत.

उद्यापासून आपल्याकडे कोणी भेगेची तक्रार घेऊन आला, तर पहिला प्रश्न ताब्याच्या तारखेचा विचारा आणि ती तारीख वहीत लिहा. पाच वर्षे पुरी होण्यास सहा महिने उरले असतील, तर त्याच दिवशी त्याच्याकडून विकासकाला लेखी सूचना पाठवून घ्या. वकील, अभियंता, मंच यांचा विचार दुसऱ्या दिवशी करता येईल. सूचनेत खोली, भिंत, मजला आणि दोष नेमका लिहावा, छायाचित्र जोडावे, करारातील कलमाचा उल्लेख करावा आणि तीस दिवसांची मुदत द्यावी. या सूचनेचा नमुना आपल्याला दिलेल्या कागदांत आहे. तो आता समोर घेऊ आणि आपल्यापैकी कोणी प्रत्यक्ष प्रकरण आणले असेल तर त्यावरच ती लिहून पाहू.